टेबल क्रमांक सातच्या संगणकास सर्व्हिस पॅक मिळणेबाबत, आणि टेबल क्रमांक आठबाबतही

दिनांक : १८ नोव्हेंबर २०१०

प्रति,
मा. उपसंचालक,
विभागीय जुने अभिलेख संगणकीकरण कार्यालय,
पुणे.

विषय : टेबल क्रमांक सातवरील संगणकास सर्व्हिस पॅक न मिळाल्याने अर्जदारावर झालेल्या अन्यायाचे निवारण होणेबाबत.

संदर्भ :
१) आपल्या कार्यालयाचे वीजबचतीचे परिपत्रक, जे भिंतीवर अजून आहे.
२) खराडी येथील नव्या जागेत स्थलांतर करण्याबाबतची सूचना.
३) संगणक अभियंता श्री. अभिनव यांनी जिन्यात दिलेले तोंडी उत्तर.
४) मंगळवारी सायंकाळी आपण दालनात दिलेले तोंडी आश्वासन, "अर्ज आणून द्या, करून टाकू."

महोदय,

हात जोडून, पण पाठ ताठ ठेवून, कळवते की :

१. मी या कार्यालयात वरिष्ठ लिपिक असून टेबल क्रमांक सातवर काम करते. माझ्यासमोरच्या टेबल क्रमांक आठवर कनिष्ठ लिपिक श्रीमती सोनाली पासलकर बसतात. आपण नव्याने रुजू झाला असल्याने कक्षातील कामाची पद्धत सांगणे भाग आहे. आमच्याकडे येणारे कागद पिवळे पडलेले, कडा झिजलेल्या, अक्षर डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखे. ते एकटीने पाहून टंकले तर नजर कागदावरून पडद्यावर जाईपर्यंत ओळ हरवते. म्हणून येथे जोड्या आहेत. एकीने कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने टंकायचा, जेवणानंतर उलट. टेबल सात आणि टेबल आठ ही जोडी अकरा वर्षे आहे. या काळात साहेब बदलले, संगणक बदलले, खिडकीबाहेरचे झाड तोडून तिथे वाहनतळ झाला. जोडी बदलली नाही.

२. गेल्या महिन्यात कक्षातील संगणकांच्या मूळ प्रणालीला सर्व्हिस पॅक देण्यात आला. तो टेबल आठला मिळाला, टेबल सातला मिळाला नाही. त्यानंतर संदर्भ क्रमांक २ ची सूचना निघाली, की पॅक मिळालेली यंत्रे व त्यांवर काम करणारे कर्मचारी १ डिसेंबरपासून खराडीच्या नव्या जागेत जातील, आणि उरलेली यंत्रे आपापल्या कर्मचाऱ्यांसह याच इमारतीत राहतील. उरलेली यंत्रे तीन आहेत. एक माझे. एकाचा पडदा लागत नाही. आणि एक भांडारात आहे, ज्यावर बाबुराव शिपाई चहाचा ट्रे ठेवतात. म्हणजे सोनाली पासलकर खराडीला जाणार आणि मी इथे त्या ट्रेच्या सोबतीला राहणार. माझा अर्ज एवढ्यासाठीच आहे. पुढील परिच्छेद केवळ आपली खात्री पटावी म्हणून लिहिले आहेत.

३. पॅक मला का मिळाला नाही, तर खंडेनवमीमुळे. १६ ऑक्टोबर रोजी, शनिवारी, दरवर्षीप्रमाणे कक्षात यंत्रपूजा झाली. हळदकुंकू वाहण्याचे काम वयाने मोठी म्हणून माझ्याकडे असते. सर्व संगणकांना, छपाईयंत्राला आणि बाबुरावांच्या आग्रहास्तव चहाच्या शेगडीलाही मीच हळदकुंकू वाहिले, झेंडूच्या माळा घातल्या. पेढे वाटणे चालू असताना श्री. अभिनव यांनी जाहीर केले, की उद्या दसऱ्याच्या सुट्टीत मुख्य कार्यालयातून सर्व यंत्रांवर पॅक पाठवला जाणार आहे, तरी आज घरी जाताना कोणीही संगणक बंद करू नये. हे मी ऐकले. ऐकले नाही असे खोटे लिहिणार नाही. परंतु माझे माहेर वर्धा जिल्ह्यातले. आमच्याकडे पूजलेले हत्यार दसऱ्याचे सोने लुटेपर्यंत कामाला लावत नाहीत. मग तो नांगर असो की शिवणाची सुई. ज्या यंत्राला आत्ताच माळ घातली त्यालाच सणाच्या दिवशी एकटे राबायला सोडून आपण घरी श्रीखंड खायला जायचे, हे मला पटले नाही. शिवाय संदर्भ क्रमांक १ चे परिपत्रक आहेच, त्यात कार्यालय सोडताना यंत्रे बंद करावीत असे ठळक अक्षरांत म्हटले आहे. मी संगणक बंद केला, वायर काढली, त्यावर धुतलेला रुमाल टाकला आणि नमस्कार करून घरी गेले. बाकी सर्वांनी पूजा करून घेतली आणि यंत्रे चालू ठेवली. आपल्या दालनातील संगणक आपण रुजू झाल्यापासून आच्छादनाखाली आहे; तोही बाबुरावांनी सूचना पाळून आच्छादनाखालीच चालू ठेवला, आणि त्यालाही पॅक मिळाला. सोमवारी येऊन पाहते तो ज्याचा मान राखला ते यंत्र मागे, आणि ज्यांना सुट्टीत राबवले ती पुढे. टेबल आठच्या यंत्राला हळदकुंकू वाहणारा हात माझाच होता, याची कृपया नोंद व्हावी.

४. सोमवारपासून टेबल आठच्या पडद्यावर जे जे दिसू लागले ते मी माझ्या खुर्चीतून, मान थोडी वाकडी करून, पाहिले आहे. खाली उजव्या कोपऱ्यात एक ढाल आली. संरक्षणात काही उणे असेल तर ती लाल होते आणि तसे सांगते. एरवी गप्प बसते. माझ्या कोपऱ्यात फक्त घड्याळ आहे, तेही मागे पडते. सोनालीच्या यंत्राला आता आपोआप उभी राहणारी भिंत आहे. बाहेरून काही आत शिरू पाहू लागले, की यंत्र आधी तिला विचारते. माझ्याकडे कोणीही येते. नको त्या खिडक्या तिच्या पडद्यावर उघडत नाहीत. मला मात्र रोज सकाळी कुठली तरी परदेशी मोटार बक्षीस लागते आणि ती नाकारण्यात कामाचा वेळ जातो. तिच्या यंत्राला पेन ड्राइव्ह लावला, तर ते विचारते, याचे काय करू. माझे यंत्र काही न विचारता त्यातला रोग अंगावर घेते आणि पुढच्याला देते. त्यामुळे लोक टेबल सातवर पेन ड्राइव्ह लावायला कचरतात. तोंडावर कोणी बोलत नाही. लेखा शाखेच्या श्री. आमोद यांनी माझ्याकडून ड्राइव्ह परत घेताना तो रुमालाने पुसला, हे मात्र मी पाहिले. दिवाळीआधी आलेले नवीन छपाईयंत्र टेबल आठने पाहताक्षणी ओळखले. माझ्या यंत्राला त्याची अजून ओळख पटलेली नाही. मला एखादा कागद छापायचा असेल तर मी तो घेऊन टेबल आठवर जाते, रांगेत उभी राहते, आणि सोनाली म्हणते, "ताई, तुम्ही रांगेत कशाला, द्या इकडे." हे ती चांगुलपणाने म्हणते. त्यानेच जास्त लागते.

५. या पॅकमध्ये असे आहे तरी काय, हे मी श्री. अभिनव यांना जिन्यात गाठून विचारले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते. "मॅडम, जादू काही नसते त्यात. आतापर्यंतचे सगळे छोटे छोटे अपडेट्स, सगळे फिक्सेस, एका गठ्ठ्यात येतात. वर चार नवीन सोयी. घरच्या युजरला एकदा टाकलं की टेन्शन नाही. ऑफिसला मेन फायदा म्हणजे सगळी मशीन्स एका लेव्हलला येतात. हेड ऑफिसला एका जागी बसून कळतं कुठलं मशीन मागे राहिलंय. आणि ज्याच्यावर पॅक नाही त्याला कंपनी पुढे सपोर्टच देत नाही." मी विचारले, मग माझे यंत्र मागे राहिल्याचे मुख्य कार्यालयाला कळले का. म्हणाले, "कळलं ना. लाल दिसतंय तुमचं." मी विचारले, मग. म्हणाले, "मग काही नाही. एका मशीनसाठी साहेबांची लेखी ऑर्डर लागते." आणि ते दोन-दोन पायऱ्या उतरून गेले. महोदय, याचा अर्थ असा, की जी वस्तू सर्वांना एका पातळीवर आणण्यासाठी पाठवली, तिने या कक्षात पहिल्यांदाच पातळ्या पाडल्या. त्याआधी आम्ही सर्वजण सारखेच हळू होतो आणि कोणाचीही तक्रार नव्हती.

६. पॅक असलेली यंत्रे आता आपले काम थेट मुख्य कार्यालयाच्या जाळ्यात साठवतात. माझे यंत्र असुरक्षित म्हणून जाळ्यातून काढण्यात आले. जोडीतील दोघींची यंत्रे जाळ्यात हवीत, या तांत्रिक कारणाने माझी व सोनालीची जोडी मोडल्याचे मला कळवण्यात आले. तिच्याबरोबर आता कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर कु. निकिता यांना बसवले आहे. त्या वाचतात. म्हणजे त्यांना वाचन वाटते ते करतात. बाळकृष्णाचा त्या बालकृष्ण करतात, कमळाबाईची कमलाबाई करतात, आणि स्वल्पविराम आला की तो न सांगता पुढे धावतात. सोनाली टंकताना मुकाट्याने दुरुस्त करते. अकरा वर्षांत तिला माझे वाचन दुरुस्त करावे लागलेले नाही. निकिता तिला "सोनाली मॅम" म्हणतात, त्यावर ती हसते. मी तिला नुसते सोनाली म्हणते, त्यात हसण्यासारखे काही नसते. दुपारी तिघी-चौघी टेबल आठभोवती डबे उघडतात. मला बोलावतात, बोलावत नाहीत असे नाही. पण बोलावणे वेगळे आणि गृहीत धरणे वेगळे. पहिल्या दिवशी माझ्या डब्यात पातोडी होती, सोनालीला आवडते म्हणून मुद्दाम केलेली. ती मी बाबुरावांना दिली. त्यांनी ती भांडारात ट्रेशेजारी बसून खाल्ली आणि तिखट जास्त झाल्याचे कळवले.

७. मला आता जाळ्याबाहेरचे उरलेसुरले काम दिले जाते. समोर वाचायला कोणी नसल्याने मीच कागद मोठ्याने वाचते आणि मीच टंकते. आवाज थोडा चढवते, हे खरे आहे. ळ जरा ठणकावून म्हणते, हेही खरे आहे. कु. निकिता यांनी एकदा मागे वळून विचारले, "ताई, तुम्ही कुणाशी बोलताय?" त्यांनी ते काळजीने विचारले होते, त्यामुळे मला उलट काही सुनावताही आले नाही. गेल्या आठवड्यात मी "मौजे" एवढे म्हणून थांबले, कारण पुढे कागद फाटला होता. तर पलीकडून, स्वतःचे टंकन न थांबवता, सोनालीने गावाचे नाव सांगितले. म्हणजे कान माझ्याकडे होता. निकिता यांची त्या वेळी ओळ चुकली आणि पान पुन्हा घ्यावे लागले. मला बरे वाटले. तो दिवस चांगला गेला.

८. कार्यालयीन पत्रात भावना लिहू नयेत याची मला कल्पना आहे. तरी लिहिते, की मला हेवा वाटतो. मत्सर, असूया हे शब्दही मी तपासून पाहिले; ते पोथीतले आहेत. माझ्या पोटात दुखते ते साध्या हेव्यानेच. सोनालीच्या ढालीचा हेवा वाटतो. तिच्या भिंतीचा वाटतो. तिच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या रांगेचा वाटतो, जी पूर्वी दोन्ही टेबलांच्या मधोमध उभी राहायची. निकिता यांच्या खुर्चीचा सर्वांत जास्त वाटतो. इतकेच काय, घरी माझी मुलगी प्रियदर्शनी हिचा संगणक आहे, त्यावर तिने हाच पॅक एका रविवारी दुपारी, माझी वामकुक्षी होईपर्यंत, स्वतःच चढवून घेतला. ना आदेश, ना अर्ज, ना जिना. यंत्राने विचारले, घेऊ का. तिने म्हटले, घे. मी उठून पाहिले तर आमच्या घरातल्या कोपऱ्यातही ढाल. त्या दिवशी मला पोटच्या मुलीच्या संगणकाचा हेवा वाटला. घरातल्या माणसांनी पुढे जायचे आणि कार्यालयातल्यांनी जिन्यात थांबायचे, हे कोणत्या नियमात बसते ते कळावे.

९. खराडीबाबत. मी बिबवेवाडीत राहते. या इमारतीत यायला मला एक बस लागते आणि ती घरासमोर थांबते. खराडीला जायला दोन बस लागतील आणि दुसरीत बसायला जागा मिळणार नाही, हे मी एका सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन पाहून आले आहे. इमारत काचेची आहे. दारावर पहारेकरी आहे, त्याने मला आत सोडले नाही. जवळपास भाजी घ्यायला जागा नाही. माझे यजमान श्री. नागोराव, कारखान्यातून निवृत्त, यांनी मी हा अर्ज लिहिणार असल्याचे ऐकून विचारले, "खराडीले पाठवा म्हनून कोनी अर्ज करते काय? लोकं तर रद्द करा म्हनून करतात." मी म्हटले, सगळे जाणार आहेत. ते म्हणाले, "सगळे म्हनजे कोन?" आपणही हा प्रश्न विचाराल या अपेक्षेने उत्तर येथेच देऊन ठेवते. सगळे म्हणजे सोनाली.

१०. वरील सर्व बाबी लक्षात घेता माझ्या मागण्या, पसंतीच्या क्रमाने, अशा आहेत :

(अ) टेबल सातच्या संगणकास पॅक देण्यात यावा.

(आ) ते शक्य नसल्यास टेबल सात व आठ यांची यंत्रे आपसात बदलावीत. पडदे आहेत तिथेच राहतील, खालची खोकी तेवढी बदलायची. ज्येष्ठता यादीत मी वर आहे, हे वेगळे सांगायला नको.

(इ) तेही शक्य नसल्यास टेबल आठवरील पॅक एक दिवसाआड टेबल सातला मिळावा. श्री. अभिनव यांना असे होते का विचारले असता ते फक्त हसले. नाही म्हणाले नाहीत.

(ई) पॅकमध्ये शेकडो लहानमोठ्या दुरुस्त्या असल्याचे समजते. त्यांपैकी निम्म्या मला द्याव्यात. भिंत नको, ढाल पुरे.

(उ) यांपैकी काहीच होत नसेल तर टेबल आठवरील पॅक काढून टाकावा. तो काढता येतो, याची मी खात्री करून घेतली आहे. ही मागणी रागाच्या भरात लिहिली आहे, पण खोडत नाही.

११. वरील मजकूर टंकून होईपर्यंत यंत्र अनेकदा अडकले. परिच्छेद दहा पूर्ण झाला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. आज सोनाली स्वतः टेबल सातवर आली. निकिता बरोबर नव्हत्या. मी अर्ज पडद्यावरून खाली सरकवला. तिने खुर्ची ओढली, डबा उघडला आणि म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर सांगते. मी मंगळवारी सकाळी साहेबांना भेटले. म्हटलं, माझ्या मशीनवरचा तो पॅक काढून टाका, मला नको. साहेब बरं म्हणाले. उद्या अभिनव येतोय. एवढ्या लांब खराडीला जाऊन मी कुणाचं वाचन ऐकत बसू? तिथे ती पोरगी दिवसभर बालकृष्ण बालकृष्ण करणार." मी विचारले, अर्ज दिलास का. म्हणाली, "अर्ज कशाला, तोंडीच सांगितलं. तुमचं मशीन इथे राहणार, मग माझंही राहू दे."

महोदय, मंगळवारी सायंकाळी मीही आपल्या दालनात होते. आपण मला अर्ज आणून द्या, करून टाकू, असे म्हणालात आणि माझ्यादेखत श्री. अभिनव यांना फोन लावून सांगितलेत, "शुक्रवारी या, सात आणि आठ, दोन्हींचं काम एकदमच उरकून टाका." मला वाटले आठचे काही किरकोळ असेल, छपाईयंत्राची वायर वगैरे. मी आभार मानून बाहेर आले. आता उलगडा झाला. उद्या दुपारपर्यंत माझ्या यंत्रावर पॅक असेल आणि तिच्या यंत्रावर नसेल. मी खराडीला जाईन, निकिता यांच्यासमोर बसेन. सोनाली इथे राहील. आपण दोघींचेही म्हणणे मान्य केलेत, त्यामुळे आपल्याला दोष देता येत नाही. तरी मनातल्या मनात थोडा दिला, तो माफ असावा.

तिचे बोलणे ऐकून प्रथम मला राग आला. एवढी मोठी गोष्ट करताना तिने मला विचारले नाही. मग आठवले, की मीही विचारले नव्हते. एकीने वाचल्याशिवाय दुसरीने कधी अक्षर टंकले नाही, त्या आम्ही दोघींनी पहिल्यांदाच आपापले काम एकटीने केले, आणि ते असे झाले. त्यानंतर पुन्हा हेवा वाटला, हे लिहिले नाही तर अर्ज खोटा ठरेल. टेबल आठचा पॅक काढावा, ही मागणी मीही केली आहे, परिच्छेद दहामध्ये (उ) येथे. पण मी ती तिचे काढून घेण्यासाठी केली आणि तिने ती माझ्याजवळ राहण्यासाठी केली. असे मला का सुचले नाही, याचा हेवा ढालीच्या हेव्यापेक्षा मोठा आहे. मी तिला माझ्या अर्जाबद्दल काही बोलले नाही. तोंडात घास होता. घास नसता तरी बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

१२. सबब, परिच्छेद दहामधील (अ) ते (उ) या सर्व मागण्या मी मागे घेत आहे. मजकूर पुन्हा टंकायला घेतला तर यंत्र पुन्हा अडकेल आणि अर्ज आज आपल्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तो आहे तसाच ठेवला आहे. आपण तो वाचला असल्यास कृपया विसरावा. आता एकच विनंती आहे आणि ती उद्या सकाळी श्री. अभिनव येण्यापूर्वी आपल्या नजरेखालून जाणे अत्यंत आवश्यक आहे.

त्यांनी उद्या एकाच टेबलाचे काम करावे. टेबल सातला पॅक द्यावा, किंवा टेबल आठचा काढावा. दोन्हींपैकी काय, हे आपण आपल्या सोयीने ठरवावे. खराडी चालेल. ही इमारत, पडदा न लागणारे यंत्र आणि ट्रे हेही चालेल. आपण डोळे मिटून कोणतेही एक टेबल निवडलेत तरी आमची हरकत राहणार नाही. दोन्ही टेबलांचे काम मात्र करू नये.

आपली, वयाने मोठी आणि तरीही नम्र,

(सही)
सौ. कौशल्या नागोराव भोयर
वरिष्ठ लिपिक, टेबल क्रमांक सात

सोबत : वीजबचत परिपत्रक, मूळ प्रत. (भिंतीवरून काढली आहे. वाचून झाल्यावर बाबुरावांकडून परत लावून घ्यावी.)

प्रत माहितीसाठी : श्रीमती सोनाली पासलकर, टेबल क्रमांक आठ. (परिच्छेद ४ ते ८ व परिच्छेद १० वगळून.)